‘कै.’ काढायचं पाच मिनिटांचं काम

काम पाच मिनिटांचं आहे, असं महिपतराव खलाट्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तेही तीन माणसांसमोर. त्यामुळं नंतर ते नाकबूल करायची सोय उरली नाही.

ती तीन माणसं अशी. पहिली त्यांची बायको कौसल्या, जिच्यासमोर बोललेलं एकही वाक्य आजवर वाया गेलेलं नाही. दुसरी इंदापूरच्या एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल जरिना आतार. आणि तिसऱ्या त्याच वाचनालयाच्या संस्थापक अध्यक्षा द्वारकाबाई. द्वारकाबाई म्हणजे कौसल्येची सख्खी मावशी. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, आणि वाचनालयाच्या वेबसाइटनुसार कैलासवासी.

ही वेबसाइट शिवम नावाच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी बनवून दिली होती. महिपतराव बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि शिवम त्यांचा जुना विद्यार्थी. ‘सरांच्या सासुरवाडीचं काम’ म्हणून त्यानं एक पैसाही घेतला नाही, आणि काम संपताच तो नोकरीला जर्मनीला गेला. वेबसाइटला चारशे बारा पानं होती. प्रत्येक पानाच्या तळाशी सात संस्थापकांची नावं होती आणि सातही नावांच्या आधी ‘कै.’ होतं. पन्नास वर्षांची संस्था म्हटल्यावर संस्थापकांपैकी कुणी अजून हिंडत-फिरत असेल, हे पंचविशीतल्या पोराच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. दोन वर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पानाच्या तळापर्यंत जाणारा वाचक आता राहिलेला नाही. एकच वाचक तळापर्यंत गेला, आणि तो निघाला सरकारी कार्यालयातला.

कार्यालयाचं पत्र आलं. आपल्या संस्थेच्या अध्यक्षा दिवंगत झाल्याचं संकेतस्थळावरून दिसून येतं. तरी मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडावी, तोवर वार्षिक अहवाल स्वीकारता येत नाही, असा त्यातला मजकूर होता. द्वारकाबाई पत्र घेऊन स्वतःच कार्यालयात गेल्या.

“मी म्हणलं, सायेब, मीच द्वारकाबाई,” त्या वाचनालयाच्या टेबलाशी बसून सांगत होत्या. “तर त्यो म्हणला, तुमी असाल हो बाई, पर रेकॉर्डला तुमी न्हाय. म्हणलं, मग आता काय करायचं? तर म्हणला, वेबसाइट दुरुस्त करा, म्हंजी आमाला काय अडचण न्हाय.”

“दुसरं काही बोलला?” कौसल्येनं विचारलं.

“च्या पाजला. कैलासवासी बाईला च्या पाजायचा म्हंजी माणूस वाईट न्हाय.”

तो दिवस सोमवार. येत्या रविवारी वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव होता, त्या कार्यक्रमाला त्याच कार्यालयातले मोठे साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, आणि मोठ्या पडद्यावर वेबसाइट दाखवायचं जरिनानं निमंत्रणपत्रिकेत छापून टाकलं होतं. द्वारकाबाईंनी महिपतरावांकडं पाहिलं. “जावईबापू, तुमी कॉम्प्युटरचं मास्तर. हे एवढं अक्षर काढायचं तुमाला जमंल का?”

जमेल का, हा प्रश्न वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोसमोर विचारायचा नसतो. महिपतराव हसले आणि ते पाच मिनिटांचं वाक्य बोलून बसले.

आता हे अक्षर सरळ जाऊन का खोडता येत नाही, ते थोडक्यात सांगणं भाग आहे. शिवमनं वेबसाइटची दोन रूपं ठेवली होती. एक मूळ मजकूर, आणि दुसरी त्यातून तयार होणारी चारशे बारा पानं. पहिल्यातून दुसरं बनवायला टास्क रनर नावाचा एक प्रोग्राम होता. पानं जोडणं, फोटो लहान करणं, शेवटी सगळं इंटरनेटवर चढवणं, ही कामं तो एकामागून एक उरकायचा. पण एकही काम त्याला स्वतःला येत नसे. प्रत्येक कामासाठी त्याला एक प्लगइन, म्हणजे त्या कामातला जाणकार असा छोटा प्रोग्राम, बोलवावा लागे. असे अकरा प्लगइन होते, आणि शिवमनं ते अकराही स्वतः बनवलेल्या एका मोठ्या प्लगइनच्या पोटात घालून ठेवले होते. त्या मोठ्या प्लगइनचं नाव ‘शिवम-संच’. तयार पानं हातानं बदलली असती तर पुढच्या वेळी टास्क रनरनं बाईंना पुन्हा कैलासवासी केलं असतं. म्हणून मुळातूनच दुरुस्ती करायची, असं महिपतरावांनी ठरवलं. शिवाय आधी काहीही न बदलता तो कारखाना आपल्या लॅपटॉपवर चालवून बघायचा आणि मगच अक्षराला हात लावायचा, असंही त्यांनी ठरवलं. दोन्ही निर्णय अगदी योग्य होते. पुढं जे घडलं त्यात या निर्णयांचा काही दोष नाही.

मंगळवारी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी बारामतीलगतच्या जळोचीतल्या आपल्या घरी, चहाचा कप बाजूला ठेवून, महिपतरावांनी टास्क रनर सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं. त्याचा मराठी अर्थ असा, की पानं जोडणारा प्लगइन सापडला नाही. तो बसवलेला आहे का?

महिपतरावांनी फोल्डर उघडून पाहिलं. प्रोजेक्टच्या फोल्डरात शिवम-संच होता, शिवम-संचाच्या आत आणखी एक फोल्डर, आणि त्यात अकराही प्लगइन शिस्तीत बसलेले. त्यांनी पुन्हा टास्क रनर चालवला. बसवलेला आहे का, असं त्यानं पुन्हा विचारलं. एखाद्या माणसाला आपण काही सांगावं आणि त्यानं ऐकून न घेता तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारावा, याचा अनुभव महिपतरावांना कॉलेजच्या मुख्य लिपिकाकडून होता. लॅपटॉपकडून तो पहिल्यांदाच येत होता.

त्यांनी कौसल्येला बोलावलं. “हा प्लगइन इथं दिसतोय की नाही?”

“दिसतोय की.”

“मलाही दिसतोय. याला दिसत नाही.”

“मग मावशींना काय सांगू?”

“सांग, जवळजवळ झालंय.”

समोरच्या बंगल्यात भीमाआबा राहतात. एकतीस वर्षं त्यांनी कालव्यावर नोकरी केली, आणि आता निवृत्तीनंतर गल्लीतली प्रत्येक अडचण ते पाण्याच्या पाळीसारखी रोज ठरल्या वेळी येऊन बघून जातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बंद करून चालू केलं का?”

“केलं आबा.”

“किती येळ बंद ठिवलं?”

“दोन मिनिटं.”

“दोन मिनटात काय हुतंय. कालव्याचं दार एकदा टाकलं की दोन दिस तिकडं बघायचं न्हाय. पाणी आपसूक येतंय.”

त्यांच्यामागोमाग शेजारचे चाँदभाई आले. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही, अशी सुरुवात करून ते म्हणाले, “सर, पार्ट आत हाय आणि मशिनला गावत न्हाय, तर त्यो बाहीर काढून लावा की. आमी असंच करतो.”

महिपतराव दोघांना चहा देऊन मोठ्या मनानं हसले. सॉफ्टवेअर म्हणजे पाण्याची मोटार नव्हे, हे त्यांनी सौम्य शब्दांत समजावूनही सांगितलं. आणि दोघं गेल्यावर त्यांनी चाँदभाईंनी सांगितलं तेच करायला घेतलं. फक्त आतले प्लगइन बाहेर काढण्याऐवजी त्यांनी इंटरनेटवरून एकेक प्लगइन नवा घेऊन शिवम-संचाच्या बाहेर, टास्क रनरच्या डोळ्यासमोर बसवायला सुरुवात केली. हा फरक त्यांना सुधारणा वाटला.

पहिला नवा प्लगइन बसला. तो म्हणाला, तुमचा टास्क रनर फार जुना आहे. महिपतरावांनी नवा टास्क रनर बसवला. नवा टास्क रनर म्हणाला, तुमचा दुसरा प्लगइन फार जुना आहे. दुसरा नवा आणला, तर त्याच्या पोटात आणखी चार निघाले आणि त्यातल्या एकानं तिसऱ्याशी जुळवून घ्यायला नकार दिला. फोटो लहान करणाऱ्या प्लगइननं तर प्रोग्रामिंगची एक वेगळीच भाषा लॅपटॉपवर आहे का, अशी चौकशी केली. ती नव्हती. ती आणण्यात मंगळवारची दुपार गेली. आल्यावर तिची आवृत्ती चुकीची निघाली. संध्याकाळी सहाला महिपतरावांच्या लॅपटॉपवर दोन टास्क रनर होते आणि दोघं एकमेकांना ओळख देत नव्हते.

बुधवारी रजा घेणं आलं. इथं एक किरकोळ गोष्ट घडली. किरकोळ रजेच्या अर्जात कारण सविस्तर लिहावं लागतं, आणि खोटं लिहिणं महिपतरावांच्या स्वभावात नाही. त्यांनी लिहिलं, ‘पत्नीच्या मावशीच्या निधनाविषयी वेबसाइटवर झालेली चूक दुरुस्त करण्याकामी.’ मुख्य लिपिकानं अर्ज ‘निधना’पर्यंत वाचला आणि पुढं वाचण्याची गरज त्याला वाटली नाही. स्टाफरूममध्ये दोन मिनिटं उभं राहून झालं. दुपारी तीनच्या सुमाराला इतिहासाचे आणि भूगोलाचे सर, दोघे सांत्वनाला जळोचीला आले.

त्याच वेळी द्वारकाबाई तिथं होत्या. डोळे तपासायला म्हणून त्या सकाळच्या एसटीनं बारामतीला आल्या होत्या, आणि आता सोफ्यावर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. महिपतराव आतल्या खोलीत फोटोच्या प्लगइनशी झगडत होते. कौसल्या दार उघडून पाहुण्यांना काही सांगणार, तोच इतिहासाचे सर खाली मान घालून बसले आणि म्हणाले, “फार वाईट झालं. अध्यक्षा बाई फार मोठं काम करून गेल्या म्हणतात.”

“व्हय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “काम केलं तिनं.”

“तुमच्या कोण लागायच्या?”

“लई जवळची हुती.”

“स्वभावानं कशा होत्या?” भूगोलाच्या सरांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी जरा विचार केला. “तोंडानं फटकळ हुती. पर मनात काय ठेवायची न्हाय.”

महिपतराव बाहेर आले तोवर द्वारकाबाईंचं स्वतःबद्दल बरंच काही सांगून झालं होतं, आणि त्यातलं निम्मं कौसल्याही पहिल्यांदाच ऐकत होती. खरा प्रकार सांगितल्यावर इतिहासाच्या सरांनी चहा घेतला नाही. भूगोलाच्या सरांनी घेतला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात महिपतरावांना तीन माणसांनी वेगवेगळं गाठून विचारलं, की पाच मिनिटांचं काम होतं म्हणे, त्याला रजा कशाला लागली. हा पाच मिनिटांचा आकडा बारामतीपर्यंत कुणी पोचवला ते त्यांनी घरी विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी शेवटी शिवमला फोन लावला. विद्यार्थ्याला विचारायचं नाही, असं चार दिवस मनाशी धरून ठेवलं होतं, ते सोडलं.

“सर, माझ्याकडं तर चालत होतं,” शिवम म्हणाला.

“तुझ्याकडं कसं चालत होतं?”

“बहुतेक मी आधी प्लगइन बाहेर बसवले होते. संच नंतर केला. बाहेरचे काढायचे राहून गेले असतील. म्हणजे चालत होते ते बाहेरचे, सर. आतले कधी चाललेच नसतील.”

“मग आता?”

“माझ्याकडं आता कंपनीचं मशिन आहे, सर. पुढच्या आठवड्यात बघू या का?”

पुढच्या आठवड्यात बघण्यासारखं काही राहणार नव्हतं. महिपतरावांनी त्याला नीट जेवत जा, थंडीत जपून राहा, असं सांगून फोन ठेवला. आपण इतकं शांतपणे बोललो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पुन्हा दोन दिवसांची रजा टाकून शुक्रवारी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली, जी वीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती. मंगळवारपासून बसवलेलं सगळं काढून टाकलं, जुना टास्क रनर परत ठेवला, आणि दुसऱ्यानं लिहिलेला तो प्रोग्राम उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वर्गात ते छापील नोट्सवरून शिकवत. त्या नोट्स त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी तयार केल्या होत्या आणि त्यातले प्रोग्राम बेरीज-वजाबाकीपुढं जात नव्हते. आता ते चष्मा पुसत, ओठ हलवत, एकेक ओळ वाचत होते. भीमाआबा ठरल्या वेळी येऊन खुर्चीत बसले, आणि आजचा रंग बघून फक्त पेपर वाचून निघून गेले.

साडेबाराला ती ओळ सापडली. टास्क रनर प्लगइन शोधायचा तो फक्त आपण उभे आहोत त्या फोल्डरात. त्याच्या आतल्या एखाद्या प्लगइनच्या पोटात आणखी प्लगइन असतील, असं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे तो हट्टी नव्हता की उद्धट नव्हता. तो होता तिथूनच बघत होता, आणि तिथून त्याला खरोखरच काही दिसत नव्हतं. महिपतरावांना त्याच्याबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. उपाय सोपा होता. प्लगइन घ्यायच्या आधी टास्क रनरला शिवम-संचाच्या आत नेऊन उभा करायचा. त्यांनी तशी एक ओळ लिहिली आणि श्वास रोखून चालवली.

अकराही प्लगइन सापडले. पानं जोडली गेली, फोटो लहान झाले, सगळं इंटरनेटवर चढलं, आणि खाली हिरव्या अक्षरात आलं: काम पूर्ण, एकही चूक नाही.

महिपतराव उठले. तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोर भीमाआबांकडं गेले. तिथून चाँदभाईंच्या दुकानात गेले. तिथं काय सांगितलं त्याचा तपशील उपलब्ध नाही, पण ते सव्वा तासानं परत आले. वेबसाइट उघडून बघायचं त्यांना सुचलं नाही. काहीही न बदलता चालवली होती, त्यामुळं ती होती तशीच असणार होती. ‘कै.’ काढायचं काम शनिवारी निवांत करू, असं म्हणून ते झोपले. आठवड्यातली ती पहिली दुपारची झोप.

शनिवारी सकाळी नऊला जरिनाचा फोन आला.

“सर, आपण केक कधीपासून ठेवायला लागलो?”

“कसले केक?”

“वाढदिवसाचे. वेबसाइटवर आलंय. ‘छकुली केक्स, चव तीच, प्रेम तेच.’ गुलाबी रंगात हाय सगळं.”

महिपतरावांनी वेबसाइट उघडली. पुस्तकं नव्हती, सात संस्थापक नव्हते, चारशे बारा पानांतलं एकही पान नव्हतं. तीन मजली एक केक होता आणि त्यावर फुगे उडत होते.

कारण समजायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण टास्क रनर आता त्यांना पाठ झाला होता. त्याला शिवम-संचाच्या आत त्यांनी नेलं होतं. परत बाहेर आणायचं राहून गेलं होतं. प्लगइन मिळाल्यावर तो आतच उभा राहिला, आणि पुढची सगळी कामं तिथल्याच मजकुरावर उरकून मोकळा झाला. आत होती शिवमनं सरावासाठी बनवलेली एक खोटी वेबसाइट, आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाची. एकही चूक नाही, हे त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरच होतं.

“लायब्ररीच्या फोनवर तीन ऑर्डरी आल्यात,” जरिना सांगत होती. “एकाला बिनअंड्याचा पायजे. आणि आपल्या एका सभासदानं इचारलंय, कार्डावर केक घरी न्यायला मिळंल का?”

“काय सांगितलं?”

“म्हणलं, कमिटीपुढं ठेवते.”

मग फोन द्वारकाबाईंनी घेतला. महिपतराव उभे राहिले.

“जावईबापू, मी कैलासवासी हुते त्ये बरं हुतं. तवा निदान केक तरी इकत नव्हते.”

“मावशी, एका ओळीचं काम आहे.”

“असू द्या. पाच दिसांमागं येक अक्षराचं हुतं.”

ती ओळ महिपतरावांनी लगेच लिहिली. प्लगइन घेऊन झाले की टास्क रनरनं परत आपल्या घरी यायचं, एवढीच ती ओळ. ती लिहून झाली आणि जळोचीतली वीज गेली. तारांवर आलेल्या फांद्या तोडायचं काम होतं, संध्याकाळपर्यंत चालेल असं कळलं. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून शोभेची होती. चाँदभाईंच्या दुकानात जनरेटर होता, पण कालच तिथं सव्वा तास यशाची हकिगत सांगून झाल्यामुळं आज जाणं बरं दिसलं नसतं. महिपतराव दिवसभर व्हरांड्यात बसून फांद्या तोडणाऱ्यांकडं बघत राहिले. संध्याकाळी वीज आली तेव्हा इंटरनेट आलं नाही. वीज आणि इंटरनेट एकाच दिवशी येण्याचा योग त्या दिवशी नव्हता.

रविवारी सकाळी आठच्या एसटीनं ते आणि कौसल्या इंदापूरला निघाले. लॅपटॉप मांडीवर होता.

वाचनालयात खुर्च्या मांडणं चालू होतं. जरिनानं त्यांना वाचनकक्षाच्या कोपऱ्यात टेबल दिलं. पावणेदहाला त्यांनी टास्क रनर चालवला. तो आत गेला, अकरा प्लगइन घेतले, मुकाट्यानं बाहेर आला, आणि वाचनालयाची वेबसाइट होती तशी परत उभी राहिली. पुस्तकं आली, फोटो आले, तळाशी सात नावं आली. बाई पुन्हा कैलासवासी झाल्या. जरिनानं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मग कशावर सोडला ते लक्षात येऊन ती जरा ओशाळली.

आता अक्षर. महिपतरावांनी मूळ मजकूर उघडला. साहेबांची गाडी तिकडं वेशीपाशी आली असल्याचा फोन आला होता, मांडवात माइक ‘हॅलो हॅलो’ करत होता, आणि कुणीतरी त्यांच्या टेबलाखालची वायर मागत होतं. त्यांनी ‘कै.’ शोधलं. ते एकाच ठिकाणी सापडलं. त्यांनी ते खोडलं, टास्क रनर चालवला, हिरवी अक्षरं बघितली आणि लॅपटॉप जरिनाच्या हवाली केला. मग नळावर जाऊन त्यांनी डोक्यावर पाणी मारलं.

ते एकाच ठिकाणी का सापडलं, याचा विचार करायला उसंत मिळाली असती तर बरं झालं असतं. सात नावांना सात वेळा लिहिण्याऐवजी शिवमनं ते एकदाच लिहून सातांना लावलं होतं.

अकराला कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, साहेब दोन शब्द म्हणून वीस मिनिटं बोलले. मग जरिनानं पडद्यावर वेबसाइट दाखवली. पहिलं पान दाखवून झालं आणि ती हळूहळू तळाशी आली. साठ-सत्तर माणसं बसली होती. त्यातल्या जुन्या माणसांत कुजबुज सुरू झाली.

म्हस्कू गुरुजी. ठमाबाई. हुसेन मुलाणी. विजयसिंह. रंगनाथ वैद्य. सुभद्राबाई. द्वारकाबाई. एकाच्याही नावाआधी काही नव्हतं. जी माणसं या मांडवातल्या बऱ्याच जणांनी खांद्यावरून नेली होती, ती पडद्यावर ठळक अक्षरात, अध्यक्षांच्या ओळीत, तुमच्याआमच्यासारखी हयात बसली होती.

साहेबांनी चष्मा लावला. पडद्याकडं बघितलं, मग हातातल्या फाइलीकडं. महिपतराव शेवटच्या रांगेतून उठले. “एक तांत्रिक...” एवढं त्यांच्या तोंडून गेलं, आणि व्यासपीठावरून द्वारकाबाईंनी त्यांना हातानंच बसायला सांगितलं. ते बसले. त्या क्षणी त्यांना कुणीही कितीही वेळ बसवून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

द्वारकाबाई उठून पडद्यापाशी गेल्या. सातही नावं त्यांनी बोट लावून वाचली. ठमाबाईपाशी बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग त्या माइकपाशी आल्या.

“सायेब,” त्या म्हणाल्या, “आमच्या कमिटीत मान्सं सात. सभेला कोरम पाचाचा. आठ वर्सं झाली, मी येकटीच सभा बोलावती, येकटीच येऊन बसती, आन कोरम न्हाय म्हणून येकटीच तहकूब करती. नवीन मान्सं घ्यायची तर सभा लागती. सभेला कोरम लागतो. तुमच्या हाफिसात चारदा इचारलं, तर म्हणत्यात, नियम तसाच हाय.”

साहेबांनी हातातली फाइल मिटली. नियम तसाच होता.

“आज वेबसाइटवर सातीच्या साती हाईत. आन तुमच्या हाफिसात वेबसाइटवर आसंल त्येच रेकॉर्ड.” त्यांनी जरिनाकडं वळून पाहिलं. “जरिना, इतिवृत्ताचं बुक आण. सभा सुरू करती.”

जरिनानं बुक आणलं. महिपतराव सांगतात, की मांडवात त्या वेळी कुणी हसलं नाही. द्वारकाबाईंनी एकच विषय मांडला, कार्यकारिणीत चार नवीन माणसं घ्यायची. पहिलं नाव जरिनाचं होतं. जरिनाचा हात लिहिता लिहिता थांबला, तर त्या म्हणाल्या, लिही, नाव तुझंच हाय. सूचक द्वारकाबाई, अनुमोदक ठमाबाई.

“ठमाबाई नाही म्हणाल्या नसत्या का?” पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“ती मला कवाच न्हाय म्हणाली न्हाय. पर म्हस्कू गुरुजींचा इरोध हाय, तो लिवून घे. त्यांचा कशालाबी असायचा. बाकी समद्यांचा होकार.”

सभा चार मिनिटांत संपली. मग जेवणं झाली. जेवताना साहेब महिपतरावांच्या शेजारी बसले होते. वेबसाइट कुणी बनवली, असं त्यांनी विचारलं. महिपतरावांनी शिवमचं नाव सांगितलं आणि भाताकडं बघत राहिले.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर त्यांनी कौसल्येला विचारलं, की सहा जणांचं ‘कै.’ आता परत लावावं लागेल, ते कधी लावू? कौसल्येनं मावशीला फोन केला. मावशींचं म्हणणं पडलं की सोमवारी कार्यालय उघडतं अकराला, इतिवृत्त तिथं देऊन येती, तवर राहू द्या. महिपतरावांनी मंगळवारी लावलं. त्यासाठी त्यांनी प्रत्येक नावापुढं हयात की नाही अशी वेगळी नोंद केली, टास्क रनर आत नेला, बाहेर आणला, आणि या खेपेला वेबसाइट स्वतः शेवटच्या पानापर्यंत तपासली. वर्गातल्या अठरा वर्षं जुन्या नोट्सही त्यांनी त्या महिन्यात बदलायला घेतल्या आहेत. अजून पूर्ण झाल्या नाहीत.

वार्षिक अहवाल स्वीकारला गेला. नवीन कार्यकारिणीची पहिली सभा पुढच्याच महिन्यात झाली आणि तिला पाच माणसं आपल्या पायांनी चालत आली. त्या रविवारचं इतिवृत्त आजही वाचनालयात बघायला मिळतं. उपस्थित सात, विरोध एक, ठराव मंजूर. खाली निरीक्षक म्हणून साहेबांची सही आहे. त्यांनी ती न वाचता केली असेल, असं कुणी म्हटलं की जरिना नकारार्थी मान हलवते. दोनदा वाचलं त्यांनी, ती सांगते, आणि मग माझ्याच पेनानं सही केली.